जावयाच्या व्हॅनमधली तार

२८ एप्रिल, मंगळवार

दुकानाचं शटर वर करतोय तोच पहिलं गिऱ्हाईक, टेंपोवाला. हेडलाइटचा फ्यूज सारखा उडतो म्हणे. म्हटलं, का उडतो ते आधी बघू. "टाइम नथी काका, जाडी तार नाखी दो ने." फ्यूजच्या जागी तार नाही टाकली. शिव्या देत गेला. पुढच्या चौकात कोणीतरी टाकून दिलीच असेल. सुरतेत, आमच्या या उधन्यात, तार टाकणाऱ्यांना काय तोटा.

फ्यूज उडाला की लोकांना राग फ्यूजचा येतो. वायर कुठे सोलली, मोटर कुठे जाम झाली, ते राहिलं बाजूला. गाड्यांची वायरिंग करता करता केस पांढरे झाले, हे एक वाक्य काही कुणाच्या डोक्यात शिरवता आलं नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आमची वैशाली काल सासरी गेली, भेस्तानला. योगेशराव न्यायला आले होते. शाळेची पोरं न्यायची-आणायची व्हॅन, पण आत दोन पंखे, छताला निळे दिवे, गाण्यांचा डबा, मोबाइल चार्जिंगला भोकं. सगळं एकाच वायरीवर लटकवलेलं दिसत होतं. बोललो नाही. जावई पडले ना.

नात, आर्वी, काचेतून हात हलवत होती. जूनमध्ये तिची शाळा सुरू. बापाच्याच गाडीत, पुढच्या सीटवर बसून जाणार. हे ती आठवडाभर दिसेल त्याला सांगत होती.

२ मे, शनि.

वै.चा फोन. बोलता बोलता सहज म्हणाली, "पप्पा, ह्यांच्या गाडीचा फ्यूज सारखा जायचा ना, आता नाही जात."

"काय केलं?"

"नाक्यावरच्या वायरमनने केलं काहीतरी. दोन मिनिटांत."

दोन मिनिटांत. दर आठवड्याला उडणारा फ्यूज दोन मिनिटांत गुणी होत नाही. जेवण गेलं नाही.

माझ्याकडे का आणत नाही गाडी? कारण मी त्याच्याकडून पैसे घेणार नाही, आणि फुकट करून घेतलं तर त्याचा बाप म्हणणार, सासऱ्याच्या जिवावर जगतो. म्हणून सुरतेतल्या सगळ्यांच्या गाड्या मी बघायच्या आणि माझी नात ज्या गाडीत बसते ती नाक्यावरच्या माणसाने. असले हे आमचे मानपान.

८ मे, शुक्र.

आज जावईबुवा आले, आमच्याकडून पापड-कुरडयांचा डबा न्यायला. सौ.ने चहा टाकला. ते आत बसले आणि मी बाहेर, व्हॅनपाशी. डॅशबोर्डखालचा फ्यूजचा डबा उघडला.

तांब्याची तार. एक नाही, तीन-चार धागे पिळून केलेली. पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज असतो तिथे. गाडी नुकती थांबलेली, डब्याचं प्लॅस्टिक हाताला गरम लागलं. एका कोपऱ्याला वितळून वाकलेलंही. गाडी ज्यावर चालते ते गॅसचं किटही त्याच वायरीवर. सिलिंडर मागच्या सीटखाली, आणि त्या सीटवर पोरं.

आत गेलो. शब्द तोलून तोलून म्हटलं, "योगेशराव, ती तार काढायला हवी. शॉर्ट झाला तर फ्यूज वितळतो आणि करंट तुटतो. तार वितळणार नाही. तिच्याऐवजी गाडीची वायर पेटेल."

हसून म्हणाले, "पप्पा, टेन्शन नका घेऊ. चाले छे ने, बस. आता रस्त्यात बंद तर पडत नाही."

मी अजून एक वाक्य बोलणार, तेवढ्यात सौ.ने बशी आपटली. ते गेल्यावर मला घेतलं फैलावर. "जवाई शे तो आपला. त्याले असं बोलतस का कोनी? आंडेर देयेल शे त्या घरमा."

लेक दिली आहे, म्हणून तर बोललो. पण हे तिला कोण सांगणार.

१२ मे, मंगळ.

दुपारी समोरच्या इमारतीतली बाई मिक्सर घेऊन आली. चालूच होत नाही. खालचं लाल बटण बाहेर आलेलं. जास्त भार पडला की ते सुटतं, पाच मिनिटं थांबायचं, परत दाबायचं. दाबलं, चालू झाला. तिने चटणीच्या डाळीत पाणी घातलं नव्हतं. मग मी तिला भाषण दिलं. बटण सुटलं म्हणजे मिक्सर बिघडला नाही, वाचला, वगैरे. ती बिचारी "हो काका, हो काका" करत गेली.

परक्या बाईला डाळीवरून ऐकवतो, आणि जावयासमोर माझी दातखीळ बसते. स्वतःचीच चीड येते.

१५ मे, शुक्र.

मगदल्ल्याला गेलो, मच्छीमार बोटीच्या कामाला. आत साचलेलं पाणी उपसायचा पंप बंद. बोटीचा प्रमुख, तांडेल, म्हणाला, फ्यूज तर साबूत आहे, पंपच गेला. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही असल्या कामात. टेस्ट लॅम्प लावला. फ्यूजच्या अलीकडे पेटतो, पलीकडे नाही. फ्यूज ठीक, पण ज्या खाचेत बसतो ती खाऱ्या हवेने हिरवी पडलेली. खाच बदलली, ग्रीस लावलं, पंप सुरू.

शेजारी इंजिनाच्या लाइनला बघतो तर फ्यूजच्या जागी खिळा. चक्क लोखंडी खिळा. म्हटलं, हे काय? तांडेल ओशाळला. मी समजावलं आणि तो लगेच म्हणाला, "काढी नाखो काका. दरियामा कोण आवशे?" समुद्रात कोण येणार मदतीला. एवढं त्याला कळतं. खिळा त्याने स्वतः उपटला आणि पाण्यात फेकला.

येताना बसमध्ये रडू आलं. एक अनोळखी खारवा माझं ऐकतो.

१७ मे, रवि.

आजपासून अधिक. धोंड्याचा महिना. म्हणजे जावई म्हणजे नारायण. सौ. महिनाभरापासून तयारीत आहे. चांदीचं निरांजन, तांब्याचं ताट, अनारसे, जावयाला कपडे, वै.ला साडी. पुढच्या रविवारी बोलावलंय.

मी म्हटलं, त्या दिवशी गाडीचं बोलतो, गोडीगुलाबीने.

"त्या दिवशी तर तोंडच उघाडू नका."

मग कधी उघडायचं? शाळा सुरू झाल्यावर?

२४ मे, रवि.

सगळं इथे लिहून ठेवतो, कारण डोकं ठिकाणावर नाही.

जा.बु., वै. आणि आर्वी अकराच्या सुमारास आले. पाट मांडला. जा.बु.चे पाय मी धुतले. धुताना मनात एकच होतं, या पायाखाली ब्रेक आहे आणि त्याच्या वर हातभर अंतरावर ती तार. सौ.ने ओवाळलं. वाण दिलं. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. माणूस जेवायला चांगला आहे, आग्रह मोडत नाही. आर्वीला मांडीवर घेऊन भरवत होता. पोरीवर जीव आहे त्याचा, ते खोटं नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

जेवून आतल्या खोलीत आडवे झाले. घोरू लागले. किल्ली कपाटावर.

मी घेतली.

तार काढली. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडला. ही आमची जुनी पद्धत: शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो, मग एकेक वायर हलवत जायचं. जिथे हात लावल्यावर बल्ब मंद होतो तिथे दुखणं. किट, पंखे, गाणी सगळं बंद करून बघितलं. पेटला नाही. म्हणजे कायमचा शॉर्ट नाही, धक्का बसला की होणारा. सीटखाली हात घातला, वायरींचा गठ्ठा हलवला. क्षणभर बल्ब भडकला. मिळालं होतं! मागच्या सीटच्या पायाशी कुठेतरी. सीट काढली असती तर अर्ध्या तासाचं काम.

तेवढ्यात सौ. दारात. "कोठे शेतस? पाव्हना उठना, इडा द्यावाना शे." विडा द्यायचा होता.

पटकन नवा निळा फ्यूज बसवला. दोन जादा फ्यूज दुकानच्या पुडीत बांधून डॅशबोर्डच्या खणात ठेवले. गाडी चालू केली, किट चालू, पंखे चालू. फ्यूज टिकला. किल्ली जागेवर.

विडा दिला. निघताना त्यांनी वाकून नमस्कार केला. सांगावं, न सांगावं. सौ. बाजूलाच उभी. नाही सांगितलं. तार आता माझ्या खिशात आहे, बाकी बघू.

२६ मे, मंगळ.

व्हायचं ते झालं.

विहीणबाईंचं भजनी मंडळ अधिकातल्या दर्शनाला उनाईला निघालं होतं, योगेशच्याच व्हॅनमधून. पलसाण्याच्या पुढे हायवेवर खड्ड्यात गाडी आदळली आणि फ्यूज उडाला. किट बंद. पेट्रोलवर घ्यावी तर टाकी कोरडी, ती कायमच कोरडी असते. भर दुपारी म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या कडेला, झाड नाही की सावली नाही. एकीला चक्कर आली. दुसरी गाडी मागवून परत आणल्या. दर्शन राहिलंच.

फ्यूजने त्याचं काम चोख केलं. तार असती तर उनाईपर्यंत नीट गेले असते, किंवा हायवेवर पेटले असते. दोन्हीतलं काय झालं असतं ते कुणी सांगू शकत नाही, आणि न घडलेल्या आगीसाठी कुणी आभार मानत नाही.

दोन नवे फ्यूज त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर खणात पडलेले. पण सांगणार कसं, चोरून केलेलं काम! सांगितलं असतं तर मिनिटभरात गाडी पुढे गेली असती. कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

२७ मे, बुध.

खणातली पुडी आज सापडली त्यांना. पुडीवर माझ्या दुकानाचं नाव.

सकाळीच व्याही आले. आत या म्हटलं तर आले नाहीत. पिशवी ओट्यावर ठेवली. ताट, निरांजन, कपडे, साडी. अनारसेसुद्धा, जसेच्या तसे. "पाव्हना, आमना पोऱ्याले हाई वाण नको. चोरीथीन गाडीले हात लावतस आनि वऱ्हून पाय धोतस?"

अख्ख्या गल्लीने बघितलं. धोंड्याचं वाण परत आलेलं मी आजवर ऐकलंही नव्हतं.

सौ. पिशवीपाशी बसून राहिली. दुपारी 'का' एवढंच विचारलं, "काबर हात लाया तुम्हीन?" त्यानंतर बोललेली नाही. अनारसे तसेच डब्यात, कुणाच्या घशाखाली उतरणार.

२९ मे, शुक्र.

वै.चा फोन, हळू आवाजात.

"पप्पा, मला तरी सांगायचं होतंत. मी काहीतरी सांगून सांभाळलं असतं. आता सासूबाई म्हणतात, तुझ्या बापाने आम्हाला रस्त्यावर बसवलं."

म्हटलं, चूक झाली. चोरून करायला नको होतं. पण वैशू, ती तार...

"परत टाकली त्यांनी. त्याच दिवशी. आता जास्त जाड आहे."

मग म्हणाली, काही दिवस फोन करू नका, मीच करीन. ठेवला.

जास्त जाड. माझ्या शहाणपणाची ही कमाई.

२ जून, मंगळ.

गेलो. सौ.ला न सांगता. भेस्तानच्या रिक्षा स्टँडजवळ व्हॅन लावून उभे असतात सगळे. योगेशने मला बघितलं, चार लोकांत होता, तरी पुढे येऊन वाकून नमस्कार केला. संस्कार आहेत. मला त्या क्षणी त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाजूला घेतलं. म्हटलं, योगेशराव, माझं चुकलं. तुमच्या गाडीला न विचारता हात लावला. माफ करा. आता विचारून लावू द्या. मागच्या सीटच्या पायाशी वायर घासतेय, मला जागा कळलीय. अर्धा तास. हवं तर नाक्यावरच्या माणसाला मी दाखवतो, तो करेल. पैसे त्याला द्या. माझं नावही नको.

ऐकून घेतलं त्याने. मग जे बोलला ते असं:

"पप्पा, फ्यूज होता तेव्हा गाडी आठवड्याला बंद पडायची. पोरं उन्हात. एका शाळेने दुसरी व्हॅन लावली माझ्याऐवजी. तेव्हा तुमचा फ्यूज आला होता का घर चालवायला? तार आहे तर धंदा आहे. आणि आता मी तुमचं ऐकून काम केलं, तर घरात काय तोंड दाखवू? माझ्या बापाने वाण परत केलंय."

"आर्वी बसणार आहे त्या गाडीत."

"माझी पण पोरगी आहे ती."

त्याचं सगळंच खोटं नव्हतं. पहिल्यांदा फ्यूज उडाला तेव्हाच त्याने माझ्या दुकानात आणली असती, तर चहा पिऊन होईपर्यंत संपलं असतं सगळं. त्याने आणली नाही, मी बोलावली नाही. दोघं आपापला मान राखत बसलो.

चहा पाजला त्याने. पैसे मला देऊ दिले नाहीत.

५ जून, शुक्र.

सोमवारी शाळा. दोन दिवस डोक्यात एकच. शाळेत जाऊन सांगावं. किंवा सरळ आरटीओत. गाडी उभी करतील, तपासतील, तार निघेल.

सौ.ला बोललो. आठवड्याभरानंतर ती एवढी लांब बोलली. "आंडेरना संसार मोडाना शे का तुम्हले? गाडी बंद व्हयनी तर त्या खातीन काय? आनि तिले माहेर तोडी टाकतीन ते येगळंच. आते तरी गप बठा."

मी म्हटलं, आणि गाडी पेटली तर?

"इतला दिन पेटनी का?"

हेच म्हणतात सगळे. टेंपोवाला, जावई, नाक्यावरचा वायरमन, माझी बायको. पेटेपर्यंत सगळ्यांचंच बरोबर असतं.

तरीही तिच्यावर ओरडलो नाही. तीही घाबरलीय. पदराच्या टोकाला गाठी मारत बसली होती.

८ जून, सोम.

दुकान उघडलं नाही. शाळेच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, पानाच्या टपरीमागे. या वयात चोरासारखा.

व्हॅन आली. निळे दिवे दिवसा पण चालू, गाणी चालू. पोरं उतरली. पुढच्या सीटवर आर्वी नव्हती. मागेही नव्हती. तेवढ्यात रिक्षा आली, त्यातून वै. उतरली, आर्वीचा हात धरून. नवीन बूट. रडत होती पोर, बाबांच्या गाडीत बसायचं म्हणून.

वै.ने मला बघितलं. आर्वीला आत सोडून आली आणि टपरीपाशी थांबली, माझ्याकडे न बघता.

"व्हॅनमध्ये तिला उलटी होते, असं सांगितलंय ह्यांना. रोज रिक्षाने सोडीन."

माझ्या लेकीने माझं ऐकलं होतं.

मग म्हणाली, "झालं ना आता? माझी पोर तर नाही बसत. आता शाळेत, आरटीओत कुठे जाऊ नका पप्पा. तुमच्या पाया पडते."

घरी येताना हलकं वाटत होतं. महिनाभरात पहिल्यांदा नीट जेवलो. सौ.लाही सांगितलं, ती देवापुढे दिवा लावून आली.

९ जून, मंगळ.

काल हलकं वाटलं, त्याची आज लाज वाटतेय.

माझ्या नातीपुरती ती गाडी धोक्याची, बाकीच्यांसाठी चालते. असाच हिशेब झाला ना हा? वै.ने केला, सौ.ने केला, आणि मी जेवून झोपलो. काल गाडीतून उतरलेली पोरं डोळ्यांसमोरून जात नाहीत. एकाच्या पाण्याच्या बाटलीचा पट्टा दारात अडकला होता, योगेशने हळूच सोडवला. वाईट माणूस नाही तो. मी पण नाही. मग हे काय चाललंय?

दुकानात एका रिक्षावाल्याने तार मागितली. टाकून दिली असती आज, इतका कंटाळा आला होता. फ्यूजच दिला शेवटी. काही न बोलता.

११ जून, गुरु.

मागच्या गल्लीतली सविता आली. नवरा बमरोलीच्या डाइंग मिलमध्ये. कालच गावाहून आले, पोरगी पहिलीत गेली, तिला व्हॅन लावायचीय.

"काका, दुसरा व्हॅनवाला पण आहे, जवळचा. पण मी ह्यांना म्हटलं, मिस्तरीकाकांच्या जावयाची गाडी आहे, वायरिंग काकांच्याच हातची असणार. त्याच गाडीत लावू. सोमवारपासून बसवते. बरोबर ना?"

आतून सौ. माझ्याआधी बोलली. "लाव ना बहिन, आपलाच जवाई शे."

सविता माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून "हं" असं काहीतरी निघालं. तो होकार नव्हता. पण तिने होकारच धरला. "तुम्ही आहात म्हणून काळजी नाही," म्हणाली आणि गेली.

सौ.कडे बघितलं. तिने मान फिरवली. भांडी घासायला बसली, घासलेलीच.

सविताला खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल, उद्या भेस्तानला पोचेल. बाकीचे आईबापही पोरं काढतील. योगेशची गाडी उभी. वै. परत या दारात येणार नाही, आर्वी तर नाहीच. नाही सांगितलं तर...

१२ जून, शुक्र.

दुकान लवकर बंद करून सविताकडे गेलो. ठरवून गेलो होतो. पोरगी नवीन दप्तर पाठीला लावून आरशासमोर उभी होती, घरातल्या घरात. "या ना काका, चहा टाकते."

बसलो. पोरीने दप्तरातली एकेक वस्तू काढून दाखवली मला. पेन्सिल, खोडरबर, रुमाल. चहा आला.

म्हटलं, सविता, एक सांगायचं होतं.

"बोला ना काका."

ती उभी होती समोर, हातात बशी. पोरगी पण थांबली, माझ्याकडे बघत.

चहा चांगला झालाय, म्हणालो.

सोमवारला अजून दोन दिवस आहेत. उद्या परत जाईन.